नाकपट्ट्याखालची दोन बोटं

आमच्या घरात बरंचसं मोजमाप बोटांनी व्हायचं. भाताच्या पातेल्यात पाणी तांदळाच्या वर एक पेर. फ्रॉक शिवायला टाकला की आई शिंपिणीला सांगायची, "खाली चार बोटं दुमड ठेवा, वाढती पोर हाय." मामा इंदापूरहून येताना धरणाच्या फुगवट्यातली चिलापी ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचे. आई एकेका माशाच्या पाठीवर बोटं आडवी ठेवून बघायची. तीन बोटांच्या खालचा असला तर म्हणायची, "ह्यो नुसता काटा. कालवणाला रंग येईल, चव न्हाय." पण सगळ्यांत पक्कं माप आबांचं होतं. माझे वडील सैन्यात घोड्यांच्या पथकात दफेदार होते. तिथून सुटून माळेगावला आल्यावरही त्यांच्या बोलण्यातली निम्मी मापं घोड्याच्या अंगावरचीच असायची. खोगिराचा तंग आवळला तरी पोटाशी हात सपाट सरकला पाहिजे. गळपट्टीत चार बोटं उभी राहिली पाहिजेत. नाकपट्ट्याखाली दोन बोटं, तीही नाकाच्या हाडावर, समोरून घालून बघायची.

मला हे पटायचं नाही. दोन बोटं म्हणजे कुणाची? सातवीत असताना मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन घरातल्या सगळ्यांची तर्जनी आणि मधलं बोट जोडून मोजली होती. आबांची चार सेंटिमीटर, आईची तीन सेंटिमीटर दोन मिलिमीटर, माझी दोन सेंटिमीटर सहा मिलिमीटर. आबांचं मधलं बोट एकदा नालाखाली सापडून चपटं झालेलं होतं, म्हणून ते आकड्यात थोडे पुढे होते. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला तेव्हा ते हसले. म्हणाले, "ज्याला शंका आली त्यानं आणिक एक बोट सोडायचं. घोडं काय तुझ्याकडं तक्रार घिऊन यायचं न्हाय." हा कागद मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे. पुढं जे घडलं ते मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता आलं नाही, याचं कारण तो कागद आहे.

घर तीन खोल्यांचं, मागं पत्र्याची शेड. पावसाळ्यात साखर कारखाना बंद असायचा, भोंगा नसायचा, आणि त्या शांततेत शेडमधला कडबा चावण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आई भाकरी थापताना त्या आवाजाकडं कान ठेवून असायची. मध्येच चावणं थांबलं की ती हातातली भाकरी तशीच ठेवून विचारायची, "काय गं, टिकले?" टिकली ही आमच्याकडे पाहुणी असलेली घोडी. अंगानं भुरी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, उंचीनं लहान, भीमथडी तट्टांची असते तशी रुंद कपाळाची. ती होती म्हाकूतात्यांची. तात्या सुप्याच्या अलीकडच्या माळावरचे मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, माणसं, सगळा संसार, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. मधले पाऊसकाळाचे महिने टिकलीला काम नसायचं, म्हणून तात्या तिला आबांकडे आणून सोडायचे. आबा दर रविवारी बारामतीच्या एका शाळेत मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. तिथं शाळेचे घोडे होते, पण मी शिकले ते टिकलीवर.

तात्यांची अट एकच होती. दर वर्षी घोडी सोडताना ते ती बोलून दाखवत, जणू आदल्या वर्षी आम्ही ऐकलीच नव्हती. "आबा, घोडी तुमची. बसा, पळवा, काय बी करा. पर तोंड जसं दिलंय तसं परत पायजे." याला कारण होतं. तात्यांच्या बायको ठकूमावशी, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. घाट उतरून कोकणात जायचं ते टिकलीच्या पाठीवरून. पुढं एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू, मागं हंडे-भांडी, आणि हातात नुसती नाकावरून घेतलेली दोरी. टिकलीच्या तोंडात लोखंड कधी गेलंच नव्हतं. मावशींनी दोरीला बोट लावलं तरी ती थांबायची. उतारावर तसं थांबणारं जनावर पाहिजे.

मी नववीत असताना आबांच्या शाळेतले साहेब, म्हणजे निवृत्त लष्करी अधिकारी, जे तो वर्ग चालवायचे, त्यांनी इंदापूर रस्त्यावरच्या एका निवासी शाळेच्या मैदानावर मुलांच्या स्पर्धा ठरवल्या. इंग्रजी पद्धतीची स्वारी. उड्या नव्हत्या, नुसती आखून दिलेली चाल होती. चौकोनात इथून दुडकी, तिथं वर्तुळ, तिथं थांबून सलामी. पुण्याहून मुलं येणार होती. नियम असा होता की ब्रायडल पूर्ण हवा, म्हणजे डोक्यावरचे पट्टे, नाकपट्टा, तोंडात लोखंडी कडी आणि लगाम. दोरीवर चालणार नाही. तीन दिवसांनी आबा म्हणाले, "पातळ कडी न्हाय, जाड घिऊ. गुळाच्या पाण्यात बुडवून दिऊ. चार-पाच आठवडं घातली म्हंजी सवय हुईल. हातानं ओढायचं न्हाय, एवढं ध्यानात ठिव." तात्यांना त्यांनी सुप्याच्या बाजारात गाठून विचारलं. तात्या म्हणाले, तुमी हाय म्हंजी मला काय. त्या वाक्याचं ओझं आबांना होतं. मला नव्हतं, मला पुण्याहून येणाऱ्या मुली दिसत होत्या.

ब्रायडल दोन होते. एक आबांचा, नोकरीतून निघताना मिळालेला, तपकिरी, तेल पिऊन पिऊन आईच्या जुन्या साडीसारखा मऊ झालेला. मोठ्या घोड्याचा, म्हणून आबांनी टोच्यानं जास्तीची भोकं पाडून तो टिकलीच्या डोक्याला बसवला होता. पट्ट्यांची टोकं लांब लोंबायची. नाकपट्टा साधा, एकच. दुसरा साहेबांकडचा, काळा, नवा, लहान घोड्याच्या मापाचा. त्याच्या नाकपट्ट्याला मागं दुहेरी बक्कल होतं, त्यामुळं तो हवा तेवढा आवळता यायचा, आणि खाली हनुवटीपाशी आणखी एक बारीक पट्टा. साहेब म्हणाले होते, "पोरगी बघेल आणि ठरवेल, दफेदार. रायडरनं स्वतः निवडायला शिकलं पाहिजे." आबांनी दोन्ही खुंटीवर टांगले आणि मला म्हणाले, "निवड तुझी. पर दोन्ही घालून बघ. घाईनं न्हाय."

मी घाई केली नाही. मी तक्ता केला. शंभर पानी वहीत एकेका पट्ट्याची लांबी, भोकांतलं अंतर, आणि सरावाची नोंद. प्रत्येक दिवसाच्या पानाखाली आबा 'पाहिले' लिहून सही करायचे, पथकात असताना घोड्यांच्या नोंदीवर करत तशी. मुख्य अडचण ही होती की कडी घातली की टिकली तोंड उघडायची. जीभ बाहेर काढायची, मान झटकायची. गुण देणारा हे बघतो, आणि त्याच्या कागदावर तो आज्ञाधारकपणातला दोष असतो. मी आईला शेडसमोर पालथ्या घमेल्यावर बसवलं, तिच्या पदरात मूठभर शेंगा टाकल्या आणि सांगितलं, घोडीनं तोंड उघडलं की एक शेंग बाजूला. जुन्या ब्रायडलमध्ये पूर्ण चाल एकदा केली की नऊ, दहा, अकरा शेंगा बाजूला पडायच्या. काळा घातला, मागचं बक्कल दोन भोकं आवळलं, खालचा पट्टा लावला, की तीन. आणखी एक भोक आवळलं की एक. शेवटच्या आठवड्यात एक दिवस एकही नाही.

त्या दिवशी आई शेंगा सोलून तोंडात टाकत म्हणाली, "आज समद्या उरल्या. पर घोडी बोलंना का झाली गं?"

"शिकली ती," मी म्हणाले.

"मला न्हाय कळत तुमचं. पर जेवायच्या वक्ताला तोंड मिटून बसलेलं लेकरू दिसलं की मी आधी कपाळाला हात लावून बघते."

मला आईचा राग आला. माझ्याजवळ आकडे होते. आज त्या तक्त्याकडे बघते तेव्हा तो नीटच वाटतो. रकाने सरळ, बेरजा बरोबर. मी जे मोजलं ते खरंच मोजलं होतं. फक्त घोडी किती वेळा तोंड उघडते तेवढंच मोजलं होतं, का उघडते याला रकाना नव्हता. मी काळा निवडला. आबांनी तक्ता वाचला, बराच वेळ वाचला, आणि विचारलं, "नाकपट्ट्याखाली दोन बोटं ऱ्हात्यात?"

"राहतात आबा."

"लिही मग तसं."

मी लिहिलं. 'नाकपट्टा : दोन बोटं.' त्यांनी खाली सही केली.

बोटं राहत होती, हे खोटं नव्हतं. घोड्याच्या गालाच्या बाजूला, जबड्याच्या अलीकडं एक खळगा असतो. पट्टा कितीही आवळा, त्या खळग्यावरून तो तरंगत जातो. तिथं माझी, सातवीत दोन सेंटिमीटर सहा मिलिमीटर भरलेली, बोटं सहज जात. समोर, नाकाच्या हाडावर, जिथं आबांनी शिकवलं होतं तिथं, माझी करंगळीसुद्धा जात नव्हती. मी ते एकदा बघितलं होतं. पुन्हा समोरून बघितलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी आईनं नेहमीसारखी मेणबत्ती लावली, आम्ही तिघांनी वंदना म्हटली, पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना माझा आवाज अडखळला वगैरे असं काही झालं नाही. मी मनात चाल पाठ करत होते. आईनं डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, टिकलीसाठी वेगळी गुळाची ढेप. टेम्पोत टिकली शांत उभी होती. आबांनी आदल्या दिवशी तिचे खूर तेलानं चोळले होते.

मैदानावर चुन्यानं चौकोन आखलेला, कडेला मंडप. पुण्याच्या मुली होत्याच, उंच घोड्यांवर. त्यांच्यातली एक टिकलीकडं बघून मैत्रिणीला म्हणाली, "ही लग्नातली वाटते." दुसरी म्हणाली, "पण ब्रायडल छान आहे." ते मला आजही ऐकू येतं, आणि लाज वाटते ती यामुळं की ते ऐकून मला बरं वाटलं. आबा आमच्या शाळेच्या पाच मुलांच्या घोड्यांचे तंग तपासत धावत होते. साहेब आत सोडण्याआधी प्रत्येक घोड्याच्या पट्ट्यात बोट घालून बघत होते. माझ्यापाशी आले, हात उचलला, आणि मागं वळून त्यांनी आबांना हाक मारली.

"दफेदार, तुमच्या मुलीचा नोजबँड?"

आबा दुसऱ्या घोड्याच्या पोटाखालून म्हणाले, "दोन बोटं हाय साहेब."

"मग झालं." साहेबांनी उचललेला हात तसाच खाली घेतला. टिकलीच्या नाकापासून तो वीतभर लांब होता.

चाल चांगली झाली. एकदाही तोंड उघडलं नाही. सलामीला ती अशी थांबली की मंडपातून टाळ्या आल्या. मला दुसऱ्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि गुळाचा खडा हातात घेऊन टिकलीचा नाकपट्टा सोडायला गेले. बक्कल सुटेना. त्यांना ते आधी आणखी आवळून मग सोडावं लागलं. पट्टा निघाला तेव्हा नाकावर करंगळी बसेल एवढी खाच पडलेली होती, केस घासून गेलेले. टिकलीनं तोंड उघडलं आणि गुलाबी फेस आबांच्या हातावर पडला. गालाची आतली बाजू दाढांवर दाबली जाऊन दोन्हीकडं फाटली होती. आबांनी ओठ उचलून बघितलं. मग त्या खाचेवर आपली दोन बोटं आडवी ठेवली आणि तशीच ठेवून उभे राहिले. गूळ त्यांच्या दुसऱ्या हातात होता. टिकलीनं तो घेतला नाही.

"सुमे, किती बोटं व्हती?"

"दोन."

"कुठनं घालून बघितली?"

माझा हात आपोआप माझ्याच गालाकडं गेला. त्यांनी ते बघितलं.

ते साहेबांकडं गेले. मी दहा पावलांवर होते, मला स्वच्छ ऐकू आलं. "साहेब, ही फीत घ्या. घोडीच्या तोंडाला जखम हाय. पट्टा म्याच आवळला शेवटाला. पोरीला ठावं न्हाय." साहेबांनी मागं माझ्याकडं बघितलं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं अंतर होतं, तेवढा वेळ होता. मी टिकलीचं खोगीर काढायला लागले. साहेब म्हणाले, "तुम्ही, दफेदार?" आणि आबा म्हणाले, "व्हय साहेब."

माझ्या माहितीत आबा आयुष्यात खोटं बोलले ते हे. पुढच्या रविवारी बारामतीच्या मैदानावर साहेबांनी प्रत्येक घोड्याच्या प्रत्येक पट्ट्यात स्वतःचं बोट घातलं. आबांना काही विचारलं नाही, रागावलेही नाहीत. आबा बाजूला हात मागं बांधून उभे होते. बावीस वर्षं ज्यांच्या तोंडच्या मापावर घोडे मैदानात सुटले, त्यांच्यासमोर ते सगळं पुन्हा तपासलं जात होतं, आणि दर वेळी बोट घातलं जाताना आबा मान हलवायचे, बरोबर आहे म्हणून. त्यानंतरचे सगळे रविवार तसेच गेले.

टिकलीच्या जखमा मिठाच्या पाण्यानं सोळा दिवसांत भरल्या. आईनं तिला कोंड्याची पातळ पेज करून पाजली. एकदा पेजेची बादली माझ्या हातात देताना म्हणाली, "तू दे." मी गेले तर टिकली शेडच्या कोपऱ्यात सरकली. बादली ठेवून मी बाहेर आले, तेव्हा पिण्याचा आवाज सुरू झाला.

दिवाळीच्या आधी आम्ही तिला परत द्यायला निघालो. पहाटे निघून दिवस मावळायच्या आत पोचलो. आबा पुढं, टिकली मध्ये, मी मागं. मी तिच्यावर बसले नाही, कुणी बस म्हणालंही नाही. तात्यांच्या माळावर सामानाची बांधाबांध चालली होती. ठकूमावशी गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. टिकलीला बघून ओरडल्या, "आली गं माझी मोटार!" तात्यांनी दोरी घेतली आणि नेहमीसारखी नाकावरून टाकली. टिकली मान उंच फेकून मागच्या दोन पायांवर उभी राहिली. दोरी तात्यांच्या हातातून निसटली. सगळे थबकले.

आबा पुढं झाले. त्यांनी दोन बोटं तिच्या नाकावर ठेवली. ती थरथरली, पण उभी राहिली. तात्या ते बघत होते. मग तात्या माझ्याकडं वळले. "सुमनबाई, तुमी लावा बरं हात."

मी दोन पावलं पुढं गेले. हात उचललाही नव्हता. टिकली फुरफुरत मागं हटली, आबांच्या पाठीआड गेली.

"माझी चूक झाली तात्या," आबा म्हणाले. "पट्टा म्या आवळला."

तात्यांनी टिकलीकडं बघितलं, मग आबांकडं. माझ्याकडं नाही. "व्हय आबा," ते म्हणाले. "तुमी म्हंता तर तसंच."

ज्या माणसासाठी घोडीचं तोंड एवढं जपायचं, ते माणूस त्या वर्षी घाट उतरलं नाही. टिकली कोकणात गेली ती मोकळी, शेळ्यांबरोबर, पाठीवर काही न घेता. ठकूमावशी माळावर एकट्या मागं राहिल्या. संक्रांतीनंतर मी घरी शाळेचं कारण सांगून एस.टी.नं सुप्याला गेले आणि तिथून चालत. मावशी उन्हात लोकर पिंजत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खळगा, करंगळी, सगळं. त्यांनी लोकर बाजूला ठेवली नाही.

"तुझ्या बानं सांगितलं ते बी ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता तू सांगितलंस, ते बी ऐकलं. माझं काय, मी बसले हितं. घोडीला सांग. नि बाला सांग."

"आबांना माहीत आहे, मावशी."

"त्याला ठावं हाय. तू सांगितलंस का?"

मग त्यांनी मला ताक दिलं, मीठ घालून. मी येताना त्या म्हणाल्या, तात्या आला की सांगीन बाई, पोर एवढ्या लांब चालत आलती.

पावसाच्या तोंडावर वाडा परत आला. एका कोकणच्या मोसमात टिकली तात्यांच्या दोरीला पुन्हा सरावली होती. पुढच्या दिवाळीला मावशी तिच्यावर बसून गेल्या, हे आबांनी बाजारातून येऊन आईला सांगितलं. आमच्याकडं मात्र ती पुन्हा आली नाही. तात्यांनी नाही म्हटलं नव्हतं, आबांनीच आणली नाही. मी नंतर दोन-तीनदा माळावर गेले. ती मला लांबून ओळखायची आणि लांबच राहायची.

पुढं मी सरकारी बांधकामात मापं घेणारी झाले. पायाची खोली, भिंतीची जाडी, मापनपुस्तकात लिहायची, प्रत्येक आकडा स्वतः फीत धरून. ठेकेदार कंटाळायचे, म्हणायचे मॅडम तुम्हाला कुणावरच भरवसा नाही. तसं नव्हतं. आता म्हणे मोठ्या स्पर्धांत नाकपट्ट्याखाली मापाची पाचर सरकवून बघतात, तीही नाकाच्या हाडावर, समोरून. हे वाचलं तेव्हा मी पेपर घेऊन आबांच्या खोलीत गेले होते. ते तेव्हा अंथरुणाला लागलेले होते. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं केलं." मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. त्यांनी उशीवरून मान वळवून माझ्याकडं बघितलं, वाट बघितल्यासारखं. मग मी विचारलं, पाणी देऊ का.

ती वही माझ्याकडं आहे. मापनपुस्तकाचा नियम असा की चुकीचा आकडा गिरवायचा नाही, एक रेघ मारून खोडायचा, बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी सही करायची. ते पान उघडून मी पेन घेऊन अनेकदा बसले आहे. 'नाकपट्टा : दोन बोटं.' त्यावर रेघ मारायची, वर शून्य लिहायचं, एवढंच काम आहे. पण त्या ओळीखाली लगेच 'पाहिले' आहे, आणि त्याखाली आबांची सही. त्यांनी बघितलं नव्हतं, मी सांगितलं म्हणून लिहिलं. आकडा खोडला तर ती सही खोटी ठरते. आणि आकडा ठेवला तर ती खोटी आहेच.